हाडं खाणारं गिधाड: नातं कुणाशी, नाव कोणतं?

मुलांच्या एका पक्षी-पुस्तकाचा मजकूर तपासणाऱ्या बाईंचा प्रश्न असा आहे. हाडं खाणाऱ्या गिधाडाला एका संदर्भात ‘लॅमरगायर’ म्हटलंय, दुसऱ्यात ‘बियर्डेड व्हल्चर’, आणि त्यांच्या हातातल्या मराठी मजकुरात ‘दाढीवाला गिधाड’. शास्त्रीय नावाचा तिसरा शब्द तीन पुस्तकांत तीन तऱ्हेचा आहे: हेमाचलॅनस, ऑरिअस, बार्बेटस. चित्रकारानं या पक्ष्याला अँडियन कॉन्डॉरच्या शेजारी ‘गिधाडांचं कुटुंब’ म्हणून बसवलंय. त्यात भर म्हणून कुणी जाणकारानं सांगितलं, की हे मुळात गिधाडच नव्हे. यातलं बरोबर काय, आणि छापायचं काय?

पक्ष्यांच्या याद्या आणि संग्रहातल्या नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या तपासण्यात माझी वीसेक वर्षं गेली आहेत, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो. तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत आणि तिघांचा निवाडा तीन वेगळ्या ठिकाणी होतो. नातं कुणाशी, हे हाडं, पिसं आणि डीएनए ठरवतात. नवा पुरावा आला की तो निकाल बदलू शकतो. शास्त्रीय नाव कोणतं, हे नियम ठरवतात. तिथे आधी कुणी नोंद केली हे पाहतात, नाव सुंदर आहे की समर्पक, याला किंमत नाही. आणि बोलीतलं नाव लोक ठरवतात, त्याला ना न्यायालय ना कायदा. तुमच्या जाणकारानं पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्याला चिकटवलं, तिथून गोंधळ वाढला.

आधी नात्याचं बोलू. ‘गिधाड’ हा शब्द कुळ सांगत नाही, पेशा सांगतो. दोन कुलकर्णी भेटले म्हणून ते भाऊबंद असतीलच असं नाही. कधीकाळी दोघांच्या पूर्वजांनी एकच काम केलं, एवढंच त्या आडनावावरून कळतं. मेलेलं जनावर खाऊन जगणं हा पेशा पक्ष्यांनी एकाहून जास्त वेळा, वेगवेगळ्या घराण्यांत पत्करला. पेशा एक म्हणून रूपही एकासारखं एक होत गेलं: लांबरुंद पंख, आकड्यासारखी चोच, बऱ्याच जातींत उघडं डोकं.

अमेरिका खंडातली गिधाडं, म्हणजे कॉन्डॉर, टर्की व्हल्चर वगैरे सात जाती, कॅथार्टिडी या वेगळ्या कुळातली आहेत. एके काळी त्यांना करकोच्यांच्या जवळचे मानण्याची टूम निघाली होती, ती पुढे मागे पडली. युरोप, आशिया, आफ्रिकेतली सोळा गिधाडं मात्र गरुड, घारी, शिकरे यांच्याच अ‍ॅक्सिपिट्रिडी कुळात येतात. तेव्हा कॉन्डॉर आणि आपलं हाडं खाणारं गिधाड यांना एका कुटुंबात बसवणं चूक आहे. ‘एकाच पेशातले’ म्हणून शेजारी बसवा, खुशाल बसवा.

आता त्या सोळांतही सरळ एक घर नाही. १९९५ च्या सुमारास मायटोकॉन्ड्रियल, म्हणजे पेशीकेंद्राबाहेरच्या, डीएनएची तुलना झाली तेव्हा या सोळांच्या दोन शाखा निघाल्या. २००५ मध्ये लर्नर आणि माइंडेल या अभ्यासकांनी पेशीकेंद्रातल्या डीएनएचीही जोड देऊन कुळाचा मोठा पट मांडला आणि चित्र तेच राहिलं. एका शाखेत तेरा जाती: पांढऱ्या पाठीचं गिधाड, लांब चोचीचं गिधाड, राज गिधाड, हिमालयी गिधाड ही सगळी त्यातली. दुसऱ्या शाखेत तीनच: आपलं हाडं खाणारं, पांढरं म्हणजे इजिप्शियन गिधाड, आणि आफ्रिकेतलं पाम-नट व्हल्चर, जे बऱ्याच अंशी ताडवर्गातल्या झाडांची फळं खातं! त्यांच्या जवळ आणखी एक पाहुणा येऊन बसला, मादागास्करच्या जंगलातला सर्पगरुड. तो तर गिधाडाचा धंदाच करत नाही. ही छोटी शाखा मोहोळ घारींच्या जवळची आणि तेरांची मोठी शाखा सर्पगरुडांच्या जवळची. (मादागास्करचा तो पक्षी नावानं सर्पगरुड असला तरी या सर्पगरुडांत मोडत नाही. नावं अशी दगा देतात.)

म्हणून ‘हे खरं गिधाड नव्हे’ या वाक्यात तथ्य एवढंच, की ते तेरांच्या शाखेतलं नाही. पण मग पांढरं गिधाडही खरं नव्हे म्हणावं लागेल, आणि तेरांची शाखा तेवढी ‘खरी’ हे ठरवलं कुणी? मी हे वाक्य मुलांच्या पुस्तकात छापणार नाही. ‘हे गिधाडच आहे, मात्र इतर बहुतेक गिधाडांचं जवळचं नातेवाईक नाही’ एवढं पुरे.

डीएनए यायच्या आधीही जुन्या लोकांना संशय होताच, कारण अंगावर खुणा आहेत. डोकं आणि मान पिसांनी भरलेली, कारण मेलेल्या जनावराच्या पोटात डोकं खुपसायची वेळ याच्यावर क्वचितच येते. बाकीचे जेवून उठले की उरलेल्या हाडांवर याचा हक्क. शेपटी लांब आणि पाचरीसारखी, चौकटच्या पानावरच्या ठिपक्याची आठवण व्हावी अशी. पांढऱ्या गिधाडाची शेपटीही पाचरीसारखीच, फक्त आखूड. आणि पायांत पकड आहे. तेरांच्या शाखेतली मोठी गिधाडं पायात ओझं धरून उडू शकत नाहीत. हा पक्षी हाड पंजात धरतो, पन्नास ते दीडशे मीटर वर जातो आणि ठरलेल्या खडकावर सोडतो. फुटलं नाही तर पुन्हा उचलून वर. मी पहिल्यांदा हे पाहिलं ते एका हिमालयी दरीत, समोरच्या उतारावर. एकच हाड चार वेळा वर गेलं, आणि पाचव्यांदा सोडलं तेव्हा फुटल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. त्या दिवसानंतर याच्या नावात ‘हाड’ नाही याची मला कायम चुटपुट लागून राहिली. नावांकडे येतोच.

त्याआधी मजकुरातल्या अनेकवचनाबद्दल एक शब्द. तुमच्या मजकुरात ‘हाडं खाणारी गिधाडं’ असं आहे. हाडांवर जगणारी जात जगात एकच. आहाराचा सत्तर ते नव्वद टक्के भाग हाडं आणि त्यातला मगज असा दुसरा पक्षी नाही. पोटातल्या आम्लाचा पीएच साधारण १, म्हणजे आम्ल फार तीव्र, म्हणून गिळलेलं हाड दिवसभरात विरघळतं. इतर गिधाडं हाडाचे तुकडे खातात ते पोट भरायला नव्हे, चुन्यासाठी, विशेषतः पिल्लांना भरवायला. दक्षिण आफ्रिकेत गुरांच्या कुरणांतून तरस नाहीसे झाले, हाडं चावून तुकडे करणारं कुणी उरलं नाही, आणि तिथल्या केप गिधाडांच्या पिल्लांची पंखांची हाडं वाकडी व्हायला लागली. नंतर त्यांच्यासाठी मुद्दाम हाडं फोडून ठेवावी लागली. तेव्हा मजकुरात एकवचन करा.

आता शास्त्रीय नाव. लिनिअसनं १७५८ मध्ये या पक्ष्याला व्हल्टर बार्बेटस म्हटलं. व्हल्टर म्हणजे गिधाड, बार्बेटस म्हणजे दाढीवाला. चोचीखाली काळ्या राठ पिसांचा झुपका असतो, ती दाढी. त्या काळी सगळी गिधाडं व्हल्टर या एकाच प्रजातीत, म्हणजे जोडनावातल्या एकाच पहिल्या शब्दाखाली, कोंबलेली होती. १७८४ मध्ये श्टोर या अभ्यासकानं याच्यासाठी जिपेटस ही वेगळी प्रजाती काढली. ग्रीक जिप्स म्हणजे गिधाड, एटोस म्हणजे गरुड. ‘गिधाड-गरुड’ हे नाव डीएनएच्या कितीतरी आधी पडलं आणि बऱ्यापैकी बरोबर निघालं.

पुस्तकात तुम्हाला ‘जिपेटस बार्बेटस (लिनिअस, १७५८)’ असं दिसेल आणि नीटनेटकेपणाच्या हौसेनं तुमचा हात कंस काढायला शिवशिवेल. काढू नका! तो कंस म्हणजे एक पूर्ण वाक्य आहे: जातीचं नाव लिनिअसनं दिलं, पण त्यानं ते दुसऱ्या प्रजातीत टाकलं होतं. कंस नसेल तर अर्थ होतो, की आजचं जोडनाव जसंच्या तसं त्याचंच. बार्बेटस हे विशेषण आहे, म्हणून ते प्रजातीच्या नावाच्या लिंगाप्रमाणे चालतं. व्हल्टर पुल्लिंगी, जिपेटसही पुल्लिंगी, म्हणून घर बदललं तरी शेवट बदलला नाही.

यातली गंमत अशी, की व्हल्टर हे नाव आज युरोप-आशिया-आफ्रिकेतल्या एकाही गिधाडाकडे नाही. ते कुणाकडे राहिलं, तर अँडियन कॉन्डॉरकडे: व्हल्टर ग्रिफस. ज्यांच्या भाषेनं हा शब्द दिला त्या रोमन लोकांनी कॉन्डॉर कधी पाहिलासुद्धा नव्हता. तुमच्या चित्रकाराचा गोंधळ अगदीच बिनबुडाचा नाही तो यामुळे. नावाचा माग काढत गेलात तर तुम्हीही कॉन्डॉरपाशीच पोचाल.

तिसऱ्या शब्दाची भानगड, म्हणजे उपजातीची (एकाच जातीतला, प्रदेशाप्रमाणे थोडा वेगळा दिसणारा गट), जरा सावकाश घेऊ, कारण लोक सर्वांत जास्त अडखळतात ते इथे. (‘प्रजाती’ आणि ‘उपप्रजाती’ हे शब्द मराठीत कुणी कशाही अर्थानं वापरतं. मी प्रजाती म्हणजे जोडनावातला पहिला शब्द आणि जाती म्हणजे दोन्ही मिळून, असं धरतोय. तुमच्या पुस्तकात उलट असेल तर तसंच ठेवा, पण सगळीकडे एकच ठेवा.)

जुन्या पुस्तकांत चार उपजाती असत. वायव्य आफ्रिकेतली बार्बेटस, युरोप आणि पश्चिम आशियातली ऑरिअस, हिमालय आणि मध्य आशियातली हेमाचलॅनस, आणि पूर्व व दक्षिण आफ्रिकेतली मेरिडिओनॅलिस. हेमाचलॅनस वाचून तुम्हाला ओळखीचं वाटलं असेल, कारण तो आपला ‘हिमाचल’च आहे, लॅटिन शेपूट लावलेला. पुढे अभ्यासकांना वाटलं, की हिमालयातले आणि युरोपातले पक्षी वेगळे काढण्याइतके वेगळे नाहीत. दोघं एक केले. एक केल्यावर नाव कोणतं राहणार? जे आधी दिलेलं ते. ऑरिअस जुनं, म्हणून हेमाचलॅनस बाद. मग पुढचा विचार निघाला, की वायव्य आफ्रिकेतलेही यांच्याहून फारसे वेगळे नाहीत. तेही एक केले. आता सर्वांत जुनं नाव १७५८ चं बार्बेटस, म्हणून ऑरिअस बाद. हिमालयातल्या त्याच कड्यावर तोच पक्षी बसून आहे आणि पुस्तकात त्याचं नाव दुसऱ्यांदा बदललं. तुमची तीन पुस्तकं एकमेकांना खोडत नाहीत, ती तीन वेगळ्या काळांतली आहेत.

मेरिडिओनॅलिस मात्र टिकली. कायझरलिंग आणि ब्लासियस या अभ्यासकांनी १८४० मध्ये दिलेलं हे नाव, अर्थ ‘दक्षिणेचा’. त्या पक्ष्याच्या पायाचा खालचा भाग पिसांविना असतो, छातीवरचा काळा पट्टा आणि कानाजवळचा काळा ठिपका नसतो. तेव्हा आज प्रचलित उपजाती दोन.

‘डीएनए काय म्हणतो’ हा पुढचा प्रश्न येणारच. संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांचा वापर करून २००४ मध्ये झालेल्या अभ्यासात दोन शाखा दिसल्या. एक मुख्यतः पश्चिम युरोपातली, दुसरी आफ्रिका, पूर्व युरोप आणि मध्य आशियातली, आणि आल्प्स व ग्रीसमध्ये दोन्हींची सर्वांत जास्त सरमिसळ. म्हणजे बाहेरून दिसणारी रेघ आणि आतली रेघ एकमेकींवर बसत नाहीत. मला यात आश्चर्य वाटत नाही. पिसांच्या ठेवणीवरून काढलेली उपजात ही सोयीची चौकट असते. संवर्धनाच्या कामात, म्हणजे कुठले पक्षी कुठे सोडायचे हे ठरवताना, मी आतली रेघ आधी पाहीन. मुलांच्या पुस्तकात उपजात लिहायचीच गरज नाही. जिपेटस बार्बेटस एवढं बास.

जुनी नावं दुरुस्त करणार असाल तर माझ्या एका मूर्खपणातून शिका. एका यादीत मी संगणकाला सांगून सगळे ‘ऑरिअस’ एका झटक्यात ‘बार्बेटस’ केले. त्याच फाइलमध्ये सस्तन प्राणीही होते. कोल्ह्याचं शास्त्रीय नाव कॅनिस ऑरिअस, त्याला दाढी आली. ती यादी तशीच चार जणांकडे गेली आणि पुढची दोन वर्षं मला भेटणारा प्रत्येक जण कोल्ह्याच्या दाढीची चौकशी करत होता. तेव्हापासून मी एकेक नाव हातानं बदलतो आणि जुनं नाव शेजारी राहू देतो. संग्रहातही चांगली पद्धत तीच: नमुन्याच्या पायाला बांधलेली जुनी चिठ्ठी काढत नाहीत, नवी तिच्याशेजारी बांधतात.

राहिलं बोलीतलं नाव. इथे परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं, म्हणून आधी माझा कल सांगतो: ‘दाढीवाले गिधाड’. एकार दिलाय तो चुकून नाही. मराठीत गिधाड नपुंसकलिंगी, ‘ते गिधाड’, म्हणून ‘दाढीवाला गिधाड’ खटकतं, ते हिंदीच्या वळणानं आलंय. लॅटिनमध्ये बार्बेटसनं प्रजातीचं लिंग पाळायचं आणि आपण मराठीत पाळायचं नाही, हे काही बरं नाही. बोलीच्या लेखनात ‘दाढीवालं’ चालेल, पुस्तकाची भाषा प्रमाण असेल तर ‘दाढीवाले’.

‘लॅमरगायर’ मी टाळतो. जर्मनमध्ये त्याचा अर्थ कोकरांचं गिधाड, कोकरं पळवणारं या समजुतीतून आलेला. हाडं खाणाऱ्या पक्ष्यावर हा आळ महागात पडला. आल्प्समध्ये त्याला मारायला बक्षिसं लावली गेली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो तिथून संपला. १९८६ मध्ये ऑस्ट्रियात बंदिवासात वाढवलेले पक्षी सोडायला सुरुवात झाली आणि १९९७ मध्ये फ्रान्सच्या आल्प्समध्ये पहिलं पिल्लू रानात वाढलं. आता इंग्रजी याद्यांतही ‘बियर्डेड व्हल्चर’च रूढ झालंय, त्यामुळे तुमची अडचण निम्मी सुटते. जुनं नाव शोधणाऱ्या वाचकासाठी शब्दसूचीत ‘लॅमरगायर’ एकदा येऊ द्या.

फारसीत याच पक्ष्याला हुमा म्हणतात. ज्याच्यावर त्याची सावली पडेल तो राजा होईल अशी दंतकथा. फारसी कवी शेख सादीनं तर तो हाडं खातो आणि कुणा जिवाला दुखवत नाही म्हणून त्याला सगळ्या पक्ष्यांत मानाचा ठरवलाय. एकीकडे कोकरं चोरणारा, दुसरीकडे राजपद देणारा, आणि पक्षी एकच. आपल्या ‘गिधाड’ शब्दाचा पूर्वज संस्कृत गृध्र, त्याच्या धातूचा अर्थ हाव धरणं. म्हणजे आपणही काही निष्पक्ष नाही.

स्पॅनिश लोक याला ‘हाडं फोडणारा’ म्हणतात, जुन्या लॅटिनमध्येही ऑसिफ्रागा म्हणजे तेच. मला मनापासून आवडणारं नाव हे. पण असलं नाव एका जागी राहत नाही. इंग्रजीतला ऑस्प्रे हा शब्द त्याच ऑसिफ्रागावरून आला असं मानलं जातं, आणि ऑस्प्रे तर मासे खातो. स्पॅनिश खलाशांनी दक्षिण समुद्रातल्या जायंट पेट्रेल या समुद्रपक्ष्यालाही हाडं फोडणारा केलं. मराठीत लाकूडतोड्याच्या चालीवर ‘हाडफोड्या’ छान बसेल, ‘हाडमोड्या’ मात्र डेंगीच्या तापानं आधीच अडवलाय. तरीही तुमच्या पुस्तकात मुख्य नाव म्हणून ‘हाडफोड्या’ घालू नका. मूल ते नाव दुसरीकडे शोधायला जाईल आणि त्याला काही सापडणार नाही. मजकुरात एखाद्या वाक्यात टोपणनाव म्हणून आलं तर मला आनंदच होईल. ‘अस्थिभक्षक गिधाड’ अर्थानं बरोबर, पण आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडी बसणार नाही.

याद्यांपैकी कोणती प्रमाण मानायची, हे तुमचा प्रकाशक पुस्तकातल्या बाकीच्या पक्ष्यांसाठी काय वापरतो त्यावर अवलंबून. जगभर वेगवेगळ्या याद्या चालत. त्यांचा मेळ घालणारी अ‍ॅव्हिलिस्ट ही सामाईक यादी २०२५ मध्ये आली आहे. या पक्ष्याच्या दोन शब्दी नावाबद्दल कुणाचाच वाद नाही, म्हणून इथे निर्धास्त राहा.

म्हणजे मजकुरात एवढे बदल: नाव दाढीवाले गिधाड, शास्त्रीय नाव जिपेटस बार्बेटस, उपजातीचा शब्द गाळायचा, अनेकवचनाचं एकवचन करायचं, आणि कॉन्डॉरच्या जागी पांढरं गिधाड आणायचं. चित्रकाराला रंगाचंही सांगा. छाती आणि डोकं गेरूसारखं तांबूस असतं ते पिसांतल्या रंगामुळे नव्हे. हा पक्षी लोहाच्या तांबड्या चिखलात अंग माखून घेतो. पिंजऱ्यात तो चिखल मिळाला नाही तर तो पांढराफटक दिसतो. त्यामुळे त्यांनी पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा फोटो समोर ठेवून पांढरी छाती काढली असेल तर ती चूक नाही, पण मागे कडे-कपारी दाखवल्या असतील तर छातीला गेरू लावायला सांगा.